उतरलेला चेहरा

साठी ओलांडली की अंगावरची चरबी जागा बदलू लागते. पोट सुटतं, कंबर जाड होते आणि त्याच सुमारास चेहरा आटायला लागतो. कानशिलांत खळगे पडतात, डोळे खोल जातात, गालफडं बसतात, गालांची हाडं वर येतात. आयुष्यभर ‘थोडं वजन उतरलं तर बरं’ म्हणत आलेल्या बायकांचं वजन शेवटी उतरतं, ते नेमकं नको तिथलं.

माझ्या आत्याचं असंच झालं. आत्या ६७ वर्षांची. चिपळूणच्या एका शाळेत गणित शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, मूत्रपिंडं निकामी झाल्यावर डायलिसिसच्या वाऱ्या, रात्रीची जागरणं, पथ्याचे वेगळे डबे असं सगळं तिने एकटीने निभावलं. त्या काळात तिचं वजन झरझर उतरलं. काका गेल्यानंतर वर्षभरात वजन पुन्हा जाग्यावर आलं, पण पोटावर आणि मांड्यांवर. चेहरा होता तसाच ओढलेला राहिला.

माणूस मात्र खणखणीत. रोज पहाटे गोवळकोटच्या रस्त्याने तासभर चालणार, आल्यावर दोन मुलांना फुकट बीजगणित शिकवणार. जुलै २०२१च्या पुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा ओसरल्यावरचा चिखल उपसायला ती आमच्या सगळ्यांच्या आधी उभी होती. पण रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण तिला एकच विचारायचा, “बाई, बरं नाही का?” मासळीवाली विचारायची, बँकेतला शिपाई विचारायचा, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाई विचारायची. “किती उतरलात हो!” म्हणून बायका हातावर हात ठेवायच्या. आधी ती हसून सोडून द्यायची. मग लग्नाला जाणंच टाळू लागली. एकदा मला म्हणाली, “मला तरुण दिसायचं नाहीये गं. मी आजारी नाही, एवढंच माझ्या तोंडावर दिसलं पाहिजे.”

इतकी साधी, इतकी रास्त मागणी मी फार कमी ऐकली आहे. पुढे तिनेच कुठूनतरी वाचून काढलं, की पोटावरची चरबी काढून ती चेहऱ्यावर बसवता येते. पुण्यात एका प्लास्टिक सर्जनची वेळ घेतली आणि मला फोन केला, “तू येशील का बरोबर? घरी अजून सांगितलं नाहीये.”

घरी सांगितलं तेव्हा जे व्हायचं तेच झालं. आत्येभाऊ आईवर जीव टाकणारा मुलगा आहे, पण त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो “या वयात?” दुसरा त्याने विचारला नाही, तो चुलत सासूबाईंनी विचारला, “आणि आता कुणासाठी?” हा दुसरा प्रश्न ऐकून आत्या गप्प झाली. मला अजूनही त्या प्रश्नाचा राग येतो.

कारण त्या प्रश्नाच्या मागे जे आहे ते आपल्याला पुरतं ठाऊक आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसंच करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एकविसाव्या शतकातली एकवीस वर्षं उलटल्यावर असा ठराव करावा लागतो, त्या समाजात नवरा गेलेल्या बाईने आरशात पाहून ‘हे बरं करून घ्यावं’ म्हटलं की लोकांना ते खुपणारच. कपाळावरचं कुंकू ठेवू देतील, पण चेहरा स्वतःसाठी नीट करून घेणं? त्याला अजून ठराव झालेला नाही.

आणि बाकीचं सगळं आपण किती सहज मानतो! त्याच वयात मोतीबिंदू काढला तर कुणी ‘कशाला’ म्हणत नाही. कवळी बसवली तर म्हणत नाही, आणि कवळीने नुसतं चावता येत नाही, बसलेले ओठ आणि गालही वर येतात. केस काळे केले तर कुणाचं लक्षही जात नाही. पुण्याला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका स्थानिक कारागिराने कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवलं, आणि त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट छापून आली. युरोपातल्या सर्जननी तिच्यावरून धडे गिरवले. कावसजीला श्वास घेता येत नव्हता म्हणून त्याने नाक करून घेतलं नव्हतं. लोकांत वावरता यावं म्हणून करून घेतलं होतं. आत्यालाही लोकांतच वावरायचं होतं.

असो. शस्त्रक्रियेकडे येते, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे एक तर कुजबुज आहे किंवा जाहिरात. दोन्हींत माहिती थोडी.

चरबी एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवण्याची कल्पना नवी नाही. गुस्ताव नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने १८९३मध्ये, चेहऱ्यावरच्या एका खोल व्रणाखाली दंडातली चरबी बसवून तो खळगा भरून काढला होता. चरबीचे तुकडे लहान असले तरच टिकतात, हे त्याने तेव्हाच सांगून ठेवलं. पुढची अनेक दशकं हे तंत्र रखडलं, कारण बसवलेली चरबी किती जगेल याचा भरवसा नव्हता. लिंडन पीअर या अमेरिकन सर्जनने १९५०मध्ये अभ्यास करून सांगितलं, की अशी बसवलेली चरबी साधारण निम्मीच उरते. मग सत्तरच्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये नळीने चरबी ओढून काढण्याचं तंत्र, म्हणजे लायपोसक्शन, तयार झालं. आता चरबी मिळवणं सोपं झालं होतं, पण यंत्राच्या जोरदार ओढीने तिच्या पेशी फुटायच्या. न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी नव्वदच्या दशकात सगळा रोख बदलला. बोथट बारीक नळी, हाताने हळू ओढलेली सिरिंज, तेल आणि रक्त वेगळं करायला सेंट्रिफ्यूज नावाचं गरगर फिरवणारं यंत्र, आणि परत घालताना दर खेपेला अगदी थेंबभर चरबी, वेगवेगळ्या थरांत, वेगवेगळ्या दिशांनी. आज चांगले सर्जन जे करतात ते कमीअधिक फरकाने हेच.

थेंबभर का, तर शरीरातून उपटलेल्या चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा उरत नाही. नव्या जागी पहिले काही दिवस तिला भोवतालच्या पेशींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगावं लागतं. मग हळूहळू नव्या केशवाहिन्या तिच्यात शिरतात. गोळा मोठा असला तर कडेची चरबी जगते आणि आतली गुदमरून मरते. मेलेल्या चरबीचं कधी तेल साचून गाठ होते, कधी ती कडक होते. डॉक्टर हे समजावत होते तेव्हा आत्या मध्येच म्हणाली, “म्हणजे भाताच्या लावणीसारखं. रोपांची मूठच्या मूठ खोचली तर कुजते. दोन-तीन काड्या सुट्या सुट्या लावायच्या.” डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “बाई, पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार.”

चेहरा मुळात का उतरतो, तेही त्यांनी सांगितलं आणि मला ते फार रंजक वाटलं. पूर्वी समजूत होती की वयाबरोबर चेहऱ्याची कातडी सैल होऊन खाली लोंबते, म्हणून ती ताणून कापली की झालं. २००७मध्ये डॅलसच्या रोहरिच आणि पेसा या दोन सर्जननी मृतदेहांच्या चेहऱ्यांत रंगद्रव्य टोचून दाखवलं, की चेहऱ्यातली चरबी एकसंध थर नाही. ती वेगवेगळ्या कप्प्यांत असते आणि रंग एका कप्प्यातून दुसऱ्यात सहसा जात नाही. हे कप्पे एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. कुठला आटतो, कुठला घसरतो, कुठला उलट फुगतो. त्यात खालचं हाडही झिजतं. डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, वरचा जबडा मागे सरतो, दात गेले की खालच्या जबड्याची उंची घटते. म्हणजे वरचं कापड सैल दिसतं याचं निम्मं कारण आतला आधार गेला, हे आहे. नुसती कातडी ताणून हाडकुळा चेहरा हाडकुळाच राहतो, वर ताणलेलाही दिसतो. म्हणून गेलेलं थोडं परत भरणं.

भरायला इंजेक्शनची तयार फिलर्सही असतात. बहुतेक फिलर्स हायलुरॉनिक आम्लाची, काही महिन्यांत ते वर्ष-दीड वर्षात विरघळणारी. त्यांचा एक गुण मोठा आहे, काही बिघडलं तर ती विरघळवणारं औषध आहे. चरबीला तसं औषध नाही. पण चरबी आपलीच असते आणि जी जगली ती राहते. जिवंत असल्यामुळे ती आपला मूळ स्वभावही सोडत नाही. पोटावरची चरबी गालावर गेली तरी वजन वाढलं की ती वाढते आणि उतरलं की उतरते. म्हणून वजन स्थिर नसलेल्या माणसाने हे करू नये.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न यावरच होता. चेहऱ्याला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, “वजन का उतरलं होतं?” आत्याने काकांचं आजारपण सांगितलं. त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. भूक कशी आहे, संध्याकाळी ताप येतो का, खोकला, शौचाच्या सवयीत फरक, स्तनांची तपासणी कधी झाली, थायरॉइड कधी पाहिलं. मला क्षणभर वाटलं आपण फिजिशियनकडेच आलो आहोत. नंतर ते म्हणाले, की उतारवयात गाल बसणं हे कधी कधी क्षयाचं, मधुमेहाचं, कर्करोगाचं पहिलं लक्षण असतं. ते न शोधता गाल भरून देणं म्हणजे रोगावर पांघरूण घालणं. माझ्या मते कुठल्याही सर्जनची पारख करायची तर या एका प्रश्नावर करावी. ज्याने तो विचारला नाही तिथून उठावं.

मग औषधं. आत्याला रक्तदाबाची गोळी होती आणि तिच्या डॉक्टरांनी दिलेली लहान मात्रेची अ‍ॅस्पिरिन होती. ती थांबवायची का, किती दिवस, पुन्हा केव्हा सुरू करायची, हे सर्जननी स्वतः ठरवलं नाही. तिच्या फिजिशियनला पत्र लिहिलं. कारण अ‍ॅस्पिरिन चालू ठेवली तर रक्तस्राव वाढतो आणि ज्याच्या हृदयात स्टेंट आहे त्याने ती परस्पर बंद केली तर जिवावर बेततं. गुडघ्यासाठी हळदीच्या गोळ्या घेता का, लसणाच्या, माशाच्या तेलाच्या घेता का, असंही विचारलं. हे सगळं रक्त गोठण्यात ढवळाढवळ करू शकतं, आणि लोक त्यांना औषधात मोजतच नाहीत म्हणून सांगत नाहीत.

पुढचा प्रश्न विचारण्याआधी त्यांनी आत्येभावाला बाहेर बसायला सांगितलं (तोवर तो तयार झाला होता आणि आला होता, हे सांगायला हवं). तो गेल्यावर विचारलं, “बाई, मिशरी लावता?” आत्या लावत नाही. पण तिने लगेच ओळखलं की हा प्रश्न मुलाच्या माघारी का विचारला. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेली चरबी उपाशी मरते. जखमही उशिरा भरते. मुलांसमोर, सुनांसमोर कितीतरी बायका मिशरीबद्दल खोटं बोलतात. डॉक्टर म्हणाले, की वयस्क पेशंट सगळ्यांत जास्त लपवतात, कारण त्यांना आधीच वाटत असतं की आपण इथे येऊन काहीतरी चोरून करतो आहोत.

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं आहे. त्या दिवशी बाहेर प्रतीक्षागृहात एक सत्तरीच्या आसपासच्या बाई एकट्या बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर कापडी पिशवी. परिचारिकेने विचारलं, “तुमच्याबरोबर कोण आहे?” तर म्हणाल्या, “कुणी नाही. घरी दाताला जाते म्हणून सांगितलंय.” परिचारिकेने समजावलं की गुंगी द्यायची असेल तर रात्री सोबत कुणीतरी लागेल. बाई म्हणाल्या, “मग राहू दे,” आणि पिशवी उचलून निघून गेल्या. त्यांना इथे नकार मिळाला हे चांगलं झालं. पण मला काळजी वाटली ती पुढची. ज्या ठिकाणी ‘बरोबर कोण आहे’ असं विचारतच नाहीत, तिथे त्या गेल्या तर?

मला या सगळ्या विषयात जे मनापासून म्हणायचं आहे ते हेच. उतारवयात या शस्त्रक्रियेला धोके आहेत, पण त्यातले बरेचसे आधी कळू शकतात, तपासता येतात, टाळता येतात. अट एकच, माणसाने खरं सांगायला हवं आणि बरोबर कुणीतरी हवं. ‘या वयात?’ असं विचारून आपण नेमकं तेच हिरावून घेतो. शरमेपायी माणूस औषधं लपवतो, मिशरी लपवतो, एकटा जातो, स्वस्तात उरकतो, आणि घरी परतल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली तरी कुणाला हाक मारत नाही.

डोळ्यांचं मी उगाच म्हणत नाही. या शस्त्रक्रियेतला सगळ्यांत भीषण धोका डोळ्यांचाच आहे. चरबीचा कण दाबाने चेहऱ्यातल्या एखाद्या धमनीत शिरला तर तो उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत जाऊन दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तोडू शकतो. पुढे मेंदूपर्यंत गेला तर पक्षाघात. दोन भुवयांमधली जागा आणि नाक ही यासाठी सर्वांत धोक्याची ठिकाणं. असं फार क्वचित घडतं, पण घडलं तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. म्हणून नळीचं टोक बोथट हवं, दाब हलका हवा, मात्रा थेंबाची हवी आणि हात सतत हलता हवा. डॉक्टरांनी हे आत्याला तिच्या डोळ्यांत पाहून सांगितलं. तिने विचारलं, “भुवयांमधल्या आठ्या तशाच ठेवल्या तर?” ते म्हणाले, “तर माझी झोप चांगली लागेल.” आठ्या तशाच ठेवल्या. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासून पडलेल्या आठ्या आहेत त्या, तिलाही त्या जायला नकोच होत्या.

त्यानंतर तपासण्या. रक्त, साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, रक्त गोठण्याची वेळ, ईसीजी, टूडी एको. भूलतज्ज्ञ बाई वेगळ्या भेटल्या. पासष्टीनंतर पूर्ण भूल दिलेल्या काही जणांना शुद्धीवर आल्यावर एक-दोन दिवस भ्रम होतो, माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून शक्य तिथे हलकी गुंगी आणि जागेपुरती भूल बरी, असं त्या म्हणाल्या. चरबी काढण्याआधी पोटाच्या कातडीखाली जो द्रव सोडतात त्यात सलाइन, बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनॅलिन असतं. या पद्धतीचं श्रेय जेफ्री क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाला जातं, १९८७मध्ये त्यांनी ती मांडली. त्यामुळे रक्त अगदी थोडं जातं. पण लिग्नोकेनची मात्रा वजनानुसार मोजावी लागते आणि अ‍ॅड्रिनॅलिनने नाडी वाढते, म्हणून हृदय आणि यकृत म्हातारं असेल तर हात आखडता घ्यावा लागतो. हे सगळं चालू असताना मॉनिटरकडे डोळे लावून बसलेला भूलतज्ज्ञ तिथे हवाच हवा.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टरांनी आत्याला उभं करून चेहऱ्यावर पेनाने खुणा केल्या. आडवं झाल्यावर गाल कानांकडे घरंगळतात आणि खळगे दिसेनासे होतात, म्हणून उभ्यानेच. मी आत नव्हते, त्यामुळे आतलं सांगत नाही. दोन-अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मला सिरिंजांचा फोटो दाखवला. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या, उभ्या ठेवलेल्या. सगळ्यांत वर फुटलेल्या पेशींचं पिवळं तेल, तळाशी लालसर पाणी आणि मध्ये दाट लोण्याच्या रंगाची चरबी. वरचं आणि खालचं टाकून फक्त मधली वापरतात. आत्याला दोन्ही गाल, कानशिलं आणि हनुवटीच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ३० मिली लागली. दोन मोठे चमचे. एवढ्याशा ऐवजावर माणसाचं ‘आजारी’ की ‘बरं’ हे ठरत होतं, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

नंतरचे दोन आठवडे कठीण गेले. ती माझ्याकडेच राहिली. चेहरा इतका सुजला की डोळ्यांच्या फटी झाल्या. गालांवर जांभळे, मग हिरवट, मग पिवळे डाग. कुशीवर झोपायचं नाही, गालावर दाब द्यायचा नाही, चेहरा चोळायचा नाही, पोटाला पट्टा. पोट गालांपेक्षा जास्त दुखतं, हे कुणी आधी सांगत नाही. पहिल्या रात्री मी दर दोन तासांनी तिला उठवून विचारत होते, दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय ना? सूज ओसरली तेव्हा गाल चांगलेच भरलेले दिसले आणि आत्येभाऊ खूश झाला. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, हे खरं नाही. काही भाग सूज, काही भाग मरणारी चरबी. पुढचे तीन महिने गाल रोज थोडे थोडे उतरतात आणि माणसाला वाटतं सगळं वाया चाललं. तीन ते सहा महिन्यांनी जे उरेल ते आपलं. आत्या या उताराला अजिबात घाबरली नाही. गणिताची बाई, ‘निम्मं राहणार’ म्हटल्यावर तिने मनात निम्मंच धरलं होतं.

जाहिरातींत मात्र हे निम्मं कधी येत नाही. तिथे आधीचा फोटो उदास उजेडातला आणि नंतरचा तिसऱ्या आठवड्यातला, सूज असतानाचा. त्याहून वाईट म्हणजे ‘स्टेम सेल फेसलिफ्ट’ नावाचा प्रकार. चरबीत मूळ पेशी, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल, असतात हे खरं आहे. कॅलिफोर्नियात पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये ते दाखवून दिलं. चरबी बसवलेल्या जागेवरची कातडी कधी कधी सुधारते, किरणोपचाराने जळलेली कातडी मऊ पडते, याचं कारण त्या पेशींत असावं असं मानतात. पण एवढ्यावरून ‘स्टेम सेलने तारुण्य परत’ म्हणून दुप्पट पैसे लावणं गैर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूळ पेशींचा कुठलाही उपचार रीतसर मंजूर चाचणीबाहेर देऊ नये. म्हाताऱ्या माणसाची आशा विकून कमावणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जराही सहानुभूती नाही.

खुद्द सर्जनांच्या संघटनाही या तंत्राबाबत जपूनच पुढे आल्या आहेत. अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७मध्ये स्तनांत चरबी घालण्याला विरोध केला होता, कारण मेलेल्या चरबीत साठलेलं कॅल्शियम मॅमोग्राफीत कर्करोगासारखं दिसून फसगत होईल अशी भीती होती. २००९मध्ये नवा पुरावा पाहून ती भूमिका सैल झाली. ज्यांना ‘काल शोधलं, आज करा’ असं सांगितलं जातं त्यांनी ही मधली बावीस वर्षं लक्षात घ्यावीत.

खर्चाचं सांगायचं तर मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर गोष्ट वेगळी. इतर उपचारांवर नसलेला १८ टक्के जीएसटीही सौंदर्यशस्त्रक्रियेवर लागतो. आत्याने तिची एक ठेव मोडली. मुलाने पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. “माझ्या पगारातली ठेव आहे, माझ्या तोंडावर खर्च करते,” एवढंच म्हणाली.

आणि कुणी करू नये, हेही सांगायला हवं. घरात नुकताच मृत्यू झालेल्या माणसाने वर्षभर तरी थांबावं, त्या दुःखात आरसा खरं सांगत नाही. नैराश्याचे उपचार चालू असतील, स्मरणशक्ती ढासळत असेल, सुनेने किंवा मुलीने हट्टाने आणलं असेल, तर नको. साखर ताब्यात नसेल तर ती येईपर्यंत नको. ज्याला पंचविशीतला चेहरा हवा आहे त्यालाही नको, कारण तो कुणालाच मिळत नाही.

आता सहा महिने होऊन गेले. आत्याचा उजवा गाल छान धरला आहे, डाव्यात चरबी जरा कमी टिकली. समोरून कळत नाही, किंचित बाजूने काढलेल्या फोटोत कळतं. कानशिलं भरली आहेत. सुरकुत्या आहेत, आठ्या आहेत, मानेची कातडी आहे तशीच आहे. ६७ वर्षांचीच दिसते ती, पण निरोगी ६७ वर्षांची. डॉक्टर म्हणाले, हवं तर डाव्या बाजूला थोडी भर घालू. तिने सरळ नको म्हटलं. पुन्हा गुंगी, पुन्हा पट्टा, पुन्हा दोन आठवडे, एवढ्या फरकासाठी तिला ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

चिपळूणला परत गेल्यावर तिने जे केलं ते मला शस्त्रक्रियेपेक्षा मोठं वाटतं. तिने कुणापासून काही लपवलं नाही. भजनी मंडळात बायकांनी विचारलं, “काय गं, तब्येत सुधारली!” तर तिने हवापालटाचं किंवा च्यवनप्राशाचं नाव पुढे केलं नाही. पोटावरची चरबी गालांत घालून घेतली, इतका खर्च आला, इतकं दुखलं, निम्मी टिकली, असं सगळं सांगितलं. काहींनी तोंडाला पदर लावला. चुलत सासूबाई अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

पण त्याच मंडळातल्या एक जणी आठवड्याने तिच्या घरी आल्या. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू, आणि गुपचूप मुंबईत एका ठिकाणी चौकशी करून आलेल्या. तिथे गोळ्यांबद्दल कुणी विचारलंही नव्हतं. आत्याने त्यांना मुलाला सांगायला लावलं आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे स्वतः बरोबर गेली. त्यांनी स्पष्ट नकार दिला, या गोळ्यांवर ऐच्छिक शस्त्रक्रिया नको. बाईंनी विचार सोडून दिला. आत्याने मला फोनवर हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, त्यांच्या दाढा पडल्या आहेत आणि त्यांनी कवळी कधीच केलेली नाही, तर पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन दंतवैद्याकडे जाते आहे.